दोनशे चौदावी ओळ वगळून

सरांना हवी होती फक्त एक फाइल. तीही आयती, चारशे ओळींची, कोणीतरी आधीच लिहून इंटरनेटवर उघड्यावर ठेवलेली. उचलायची, आपल्या लायब्ररीत ठेवायची आणि हात झटकायचे. रविवारच्या दुपारचं काम. ज्या कामाला माणूस ‘रविवारच्या दुपारचं’ म्हणतो, ते काम पुढे सात महिने मानगुटीवर बसतं, हे सरांना सव्वीस वर्षं गणित शिकवूनही ठाऊक नव्हतं.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. हा खुलासा सरांना सासऱ्यांकडे चार वेळा करावा लागला होता आणि चारही वेळा सासऱ्यांनी ‘मग कपाटं कुठे ठेवलीयत?’ असं विचारलं होतं. सरांनी शाळेचं वेळापत्रक लावणारा कोड लिहिला होता. कुठल्या वर्गाला कुठला तास, कुठले शिक्षक, कुठली खोली; आणि एकच माणूस एका वेळी दोन वर्गांत सापडू नये याची काळजी. हा सगळा संच त्यांनी ओपन सोर्स म्हणून जगाला देऊन टाकला होता. कोणीही न्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा. अकरा शाळा वापरत होत्या. सरांची बायको याला ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ म्हणायची, आणि लष्करातल्या एकाही शिपायाचं अजून आभाराचं पत्र आलेलं नाही, हेही वर ऐकवायची. सर ते हसण्यावारी नेत. पण खरं सांगायचं तर त्यांना ते पत्र हवं होतं. फार मोठं नको. ‘तुमचं काम पाहिलं, आवडलं’ एवढं पुरे होतं. सहा वर्षं ते रोज सकाळी चहाच्या आधी मेल उघडून बघत होते.

लायब्ररीत एक उणीव होती. सकाळी सकाळी एखाद्या शिक्षकाचा फोन आला, ‘आज येत नाही’, तर त्यांच्या तासाला कोणाला पाठवायचं? सरांनी महिनाभर खपून स्वतः लिहून पाहिलं. त्यांच्या कोडनं पहिल्याच दिवशी चित्रकलेच्या बाईंना एकाच वेळी तीन वर्गांवर धाडलं. बाई तीनपैकी एकाही वर्गावर गेल्या नाहीत. त्या थेट मुख्याध्यापकांकडे गेल्या.

अशा पडत्या काळात सरांना ती फाइल सापडली. लिहिणारा कोणी रुग्णालयातला माणूस होता आणि त्यानं ती परिचारिकांच्या ड्यूट्या लावायला लिहिली होती. पण प्रश्न तोच. कोण आलं नाही, तर कोणाला बोलवायचं? गेल्या खेपेला जिला बोलावलं तिला या खेपेला नाही. रात्रपाळी करून गेलेलीला सकाळी उठवायचं नाही. सगळं इतकं चोख की सरांना आधी हेवा वाटला आणि मग माणूस आवडायलाच लागला. कारण ओळींच्या मधे मधे त्यानं टिपा लिहिल्या होत्या. या टिपा संगणक वाचत नाही, पुढचा माणूस वाचतो. एके ठिकाणी होतं: ‘इथे घाई करू नये. मी केली होती.’ पुढे: ‘हे का चालतं मला माहीत नाही. चालतंय तोवर गप्प बसावं.’ आणखी पुढे: ‘ही ओळ निरुपयोगी दिसते. काढून पाहू नये. मी तीन वेळा पाहिली.’ सर खोलीत एकटेच इतके हसले की बायको स्वयंपाकघरातून चमचा घेऊन बघायला आली. इतक्या वर्षांत स्टाफरूममध्ये त्यांना असा एकही माणूस भेटला नव्हता. हा भेटायला हवा, असं त्यांच्या मनात आलं, आणि फाइल त्यांनी आपल्या लायब्ररीत ठेवून दिली.

तीन आठवड्यांनी घुबड बोललं.

प्रत्येक ओपन सोर्स कामाला असा एक माणूस चिकटलेला असतो, जो स्वतः एक ओळ लिहीत नाही पण दुसऱ्याची प्रत्येक ओळ वाचतो. याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं; नावाच्या जागी घुबडाचं चित्र होतं. घुबडानं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘या फाइलवर कुठे लायसन्स दिसत नाही. लिहिणाऱ्याची परवानगी घेतलीय का?’

‘उघड्यावर ठेवलेली होती,’ सरांनी लिहिलं.

‘शर्टसुद्धा उघड्यावरच वाळत घालतात,’ घुबडानं लिहिलं.

आणि मग त्यानं शांतपणे नियम सांगितला. लिहिणाऱ्यानं काहीच लिहून ठेवलं नसेल तर ‘न्या, वापरा’ असा अर्थ होत नाही. सगळे हक्क त्याचेच राहतात. वाचायला मोकळीक, उचलायला नाही. सरांनी फक्त स्वतः उचलली असं नाही, ‘आमची आहे, बिनधास्त वापरा’ म्हणून अकरा शाळांना वाटलीसुद्धा.

हे सरांना फार लागलं. मुलांच्या वह्यांत उतरवलेली गणितं पकडण्यात त्यांनी हयात घालवली होती. तीच चूक, त्याच पायरीवर, शेजारी बसणाऱ्या दोघांची. आता त्यांचीच वही वर्गासमोर उघडी पडली होती. त्याच संध्याकाळी त्यांनी फाइल काढून टाकली. दोन दिवसांत अकरा शाळांची अकरा पत्रं आली. सहा वर्षं मुकं असलेल्या लष्कराला अचानक कंठ फुटला. एकातही आभार नव्हते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मेहुणा म्हणाला, “भावोजी, दोन-चार नावं बदला, ओळी खालीवर करा, झाली तुमची. कोण बघतंय?”

“मी बघतोय,” सर म्हणाले.

“मग बघू नका,” मेहुणा म्हणाला. त्याला आयुष्यात कुठलीच अडचण कधी का आली नाही, ते सरांना त्या दिवशी कळलं.

वरच्या मजल्यावर कोर्टातले निवृत्त बेलिफ राहत. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या दाराला नोटिसा चिकटवल्या होत्या आणि चिकटवण्याआधी वाचल्या होत्या. त्या बळावर ते स्वतःला निम्मा वकील समजत. “मास्तर,” ते म्हणाले, “तोंडी परवानगी घेऊ नका. लेखी घ्या. आणि त्याआधी हे बघा, कोड त्याचा की रुग्णालयाचा? नोकरीत, ऑफिसच्या वेळेत लिहिला असेल तर मालक तो नाही. रुग्णालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. मसुदा मी करून देतो.” त्यांनी चार पानांचा मसुदा केला. त्यात ‘सदरहू’ हा शब्द एकेचाळीस वेळा होता.

सरांनी लिहिणाऱ्याला मेल केला; तो पत्ता बंद होता. फाइलच्या माथ्यावर रुग्णालयाचं नाव होतं. शोधलं तर ते निघालं याच शहरात, दोन बस पलीकडे. काखेत कळसा आणि सर जगभर वळसा घालून आलेले.

रुग्णालयाच्या आस्थापना विभागातल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. “ही वस्तू जडसंग्रह नोंदवहीत आहे का?”

“ही वस्तू नाही. कोड आहे.”

“खुर्ची असली तरी नोंद लागते, पंखा असला तरी लागते.” त्यानं वही काढून पानं उलटली. “नाही. नोंद नाही. म्हणजे आमची नाही.”

“उत्तम! तेवढंच लिहून द्या. तुमची नाही म्हणून.”

“जे आमचं नाही त्याबद्दल आम्ही का लिहायचं? जगात आमचं नसलेलं पुष्कळ आहे, सर. सगळ्याचं लिहीत बसलो तर कामं कधी करायची?”

असे नऊ आठवडे गेले. अखेर एक कागद मिळाला: ‘सदर वस्तू या कार्यालयात आढळून आली नाही.’ बेलिफांनी तो उजेडासमोर धरून बघितला आणि पुरेसा असल्याचा निकाल दिला. पण कागद हातात देताना कारकून आणखी एक गोष्ट बोलून गेला होता. “ते तर वारले हो. तीन वर्षं झाली. त्यांच्या मिसेस आमच्याकडेच सिस्टर होत्या, आता रिटायर झाल्यात. पत्ता देऊ का?”

सर रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. ज्या माणसाला एकदाही बघितलं नाही तो गेल्याचं दुःख करायचा आपल्याला काही हक्क आहे का, हेच त्यांना कळेना. पण झालं खरं. भेटल्यावर त्याला काय काय विचारायचं ते त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ती ओळ तीन वेळा का काढून पाहिलीत, हे तर नक्कीच.

सिस्टर दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार उघडल्या उघडल्या त्यांनी सरांना बसवलं, पाणी दिलं आणि न विचारता नाडी बघितली. “जिना एका दमात चढलात ना? आता बोला.”

सरांनी सगळं सांगितलं. फाइल, घुबड, शर्ट, अकरा शाळा. मूलबाळ नव्हतं, तेव्हा वारस सिस्टर एकट्याच. आता हक्क त्यांचा, सहीही त्यांचीच हवी. सरांनी बेलिफांचा मसुदा पुढे केला. सिस्टरनी पहिलं पान वाचलं आणि चार पानं तशीच घडी करून चष्म्याच्या घराखाली ठेवली.

“हे राहू दे. तुम्ही तोंडानं सांगा, मी काय देणार?”

“कोणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं. फक्त मूळ लिहिणाऱ्याचं नाव कोणी पुसायचं नाही. आणि काही बिघडलं तर लिहिणारा जबाबदार नाही.”

“बिघडलं तर जबाबदार नाही?” सिस्टर हसल्या. “हे आमच्या लग्नात कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.” मग म्हणाल्या, “सही करीन मी. पण कशावर करते ते कळू दे. मला वाचून दाखवा.”

“सगळं? चारशे ओळी आहेत. कोड आहे तो, तुम्हाला…”

“मला काय कळणार, असंच ना? ते पण हेच म्हणायचे. तुम्ही वाचा तर.”

सरांनी लॅपटॉप उघडला आणि फळ्यासमोर उभं असल्यासारखं एकेक ओळ सांगायला सुरुवात केली. सातव्या ओळीवर पहिली टीप आली. ‘इथे घाई करू नये. मी केली होती.’

सिस्टरनी हातातली कपबशी खाली ठेवली. “हे त्यांनी लिहिलंय?”

“हो. अशा पुष्कळ आहेत.”

“पुन्हा वाचा.”

त्या रविवारी चाळीस ओळी झाल्या. पुढच्या रविवारी चाळीस. घरी बायकोनं विचारलं, “सही घ्यायला किती रविवार लागतात हो?” सर म्हणाले, “काम किचकट आहे.” ते खोटं होतं. काम अजिबात किचकट नव्हतं. सिस्टर ऐकायच्या, टीप आली की दोनदा वाचायला लावायच्या, आणि मग काहीतरी सांगायच्या. तो माणूस घरात फारसा बोलत नसे. सकाळी ‘निघतो’, संध्याकाळी ‘आलो’, जेवताना ‘पुरे’. तीस वर्षांच्या संसारात मोजून तीन शब्द, असं सिस्टर म्हणायच्या. सकाळी सात ते साडेसात तो या टेबलाशी बसून टकटक करायचा, तेव्हा तो काय करतो ते त्यांनी कधी विचारलं नाही.

“इतकं छान बोलायचे हे?” चौथ्या रविवारी त्या म्हणाल्या. “त्या यंत्राशी? माझ्याशी यातलं निम्मं बोलले असते तर चाललं असतं की हो मला.” आवाज चढला नव्हता, पण त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथून म्हणाल्या, “वाचा तुम्ही. थांबू नका.”

सरांनाही आता घाई नव्हती. अकरा शाळा ओरडत होत्या, घुबड दर सोमवारी ‘प्रगती?’ असा एकच शब्द लिहीत होतं, आणि सर मात्र आठवडाभर रविवारची वाट बघत होते. भेटायचं राहून गेलेला माणूस त्यांना चाळीस-चाळीस ओळींनी भेटत होता.

सहाव्या रविवारी दोनशे चौदावी ओळ आली. सर मनापासून हसले.

“ही एक मात्र चूक राहिलीय त्यांची. हिच्यापायी आमच्या शाळेत काय रामायण झालं सांगू? सतरा नंबरला गुरुवारी कधी बोलवायचं नाही, बदल्यात रविवारी बोलवायचं, असं लिहिलंय. आमच्याकडे सतरा नंबर म्हणजे पीटीचे सर. तीन आठवडे दर गुरुवारी अख्खी शाळा दुसऱ्यांचे तास घेत पळतेय आणि हे मैदानावर खुर्ची टाकून बसलेत. रविवारी शाळाच नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न मिटला! चित्रकलेच्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं मला, पीटीच्या सरांनी तुम्हाला काय दिलंय म्हणून. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मी काय खुलासा करणार? टीप बघा काय आहे. ‘कारण विचारू नये.’ आता बोला!”

सिस्टरनी चष्मा काढून हातात घेतला. सरांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

“सतरा नंबर माझा होता,” सिस्टर म्हणाल्या.

खालच्या रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

“ड्यूट्या तेच लावायचे. त्यांची सुट्टी गुरुवारी असायची, ऑफिसची. आणि माझी सुट्टी… अकरा वर्षं, सर. अकरा वर्षं मला गुरुवारी कधी बोलावणं आलं नाही. बाकीच्यांना यायचं, मला नाही. आणि रविवार मात्र एक सुटला नाही. मी म्हणायचे, नशीबच फुटकं आपलं, रविवार काही मिळत नाही. आणि गुरुवारची कृपा मेट्रनबाईंची असं मला वाटायचं. दोन स्वेटर विणले मी त्यांना!” त्या एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “घेतले बाईंनी. कशाबद्दल म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. घालायच्या पण!”

“सांगितलं कसं नाही त्यांनी तुम्हाला?”

“ते? आणि सांगणार?”

“मग गुरुवारी काय करायचात तुम्ही दोघं?” सरांनी विचारलं, आणि आपण परक्याच्या घरात भलतंच विचारलं असं वाटून त्यांचे कान तापले.

“काही नाही हो. ते पेपर वाचायचे. मी झोप काढायचे. संध्याकाळी भाजी आणायला जायचो, ते पिशवी धरायचे. बोलणं असं काही नाही.” त्यांनी कपबशीचा कान जरा फिरवला. “पण दोघं घरात असायचो. मला आवडायचा गुरुवार. त्यांनाही आवडतो, हे आज कळतंय बघा. आता सातही वार सुट्टीच आहे, आणि काय करायचीय ती?”

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. बसमध्ये सरांचा उतरायचा थांबा दोनदा चुकला. घरी बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “पुढच्या वेळी रिकाम्या हातानं जाऊ नका.” आणि पुढच्या रविवारी तिनं फळं बांधून दिली.

सिस्टर तयार होऊन बसल्या होत्या. समोर एक कोरा कागद होता.

“एक विचारते, खरं सांगा. मी सही केली की कोणीही बदलू शकतं म्हणालात. ही ओळ लोक काढतील?”

सरांच्या जिभेवर आलं होतं की नाही, कशाला काढतील. पण ते गणिताचे शिक्षक होते. “पहिली तीच काढतील,” ते म्हणाले. “काढावीच लागेल. दुसऱ्यांना ती चूकच वाटणार.”

“तुम्हाला वाटलीच की.”

“वाटली. मला माफ करा.”

“छे, छे. माफ काय करायचंय.” सिस्टरनी पेन उचललं. “मग असं करू. बाकी सगळं देऊन टाका. वापरू दे, बदलू दे, काय करायचंय ते करू दे. त्यांचं नाव राहिलं म्हणजे झालं. पण ही ओळ मी देत नाही. जगासाठी नव्हतीच लिहिली ती. ती माझी आहे. चालतं का तसं, कायद्यात?”

सरांना बेलिफांची चार पानं आठवली. “तुम्ही मालक आहात. तुम्ही म्हणाल ते चालतं.”

सिस्टरनी औषधाच्या तक्त्यावर लिहावं तशा स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘माझ्या पतींनी लिहिलेली ही फाइल, ओळ क्रमांक दोनशे चौदा वगळून, सर्वांना वापरण्यास, बदलण्यास व पुढे देण्यास माझी परवानगी आहे. त्यांचे नाव काढू नये.’ खाली सही, तारीख आणि सवयीनं वेळसुद्धा. मग ती एक ओळ, टिपेसकट, त्यांनी सरांकडून दुसऱ्या कागदावर लिहून घेतली आणि कागद आपल्याजवळ ठेवला.

“आणि हे बघा, सही मिळाली म्हणून येणं बंद करायचं नाही. अजून एकशे शहाऐंशी ओळी राहिल्यात.”

“येणार,” सर म्हणाले. “मलाही वाचायच्यात.”

“आता काढा ती. माझ्यासमोर काढा. परक्या कोणी काढण्यापेक्षा तुम्ही बरे.”

सरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ओळ निळी झाली. बोट ठेवून सर जरा थांबले, सिस्टरनी मान हलवली, आणि त्यांनी कळ दाबली.

सिस्टर पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिल्या. “गेली? मग तिथे रिकामी जागा कशी दिसत नाही?”

“रिकामी राहत नाही ती. एक ओळ गेली की खालच्या सगळ्या आपोआप वर सरकतात. दोनशे पंधरावी होती ती आता दोनशे चौदावी झाली. मधे काही होतं हे कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“बरं आहे हो तुमच्यात,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्याकडे तीन वर्षं झाली, अजून काही सरकलं नाही.”